वजन आधी की ऑपरेशन आधी?

"ताई, माझ्या मिस्टरांना (वय ६१) प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. रिपोर्टमध्ये ग्लिसन ७ लिहिलंय. ऑपरेशन करून ग्रंथी काढायची ठरलीय. उंची १७० सेंटिमीटर, वजन १०४ किलो. डॉक्टर म्हणाले, थोडं वजन उतरवा, सोपं जाईल. तेव्हापासून मुलगा त्यांना ताटावर टोकतो, मी भात बंद केलाय. ते दिवसभर लिंबूपाण्यावर राहतात, कोणाशी बोलत नाहीत. 'वीस किलो उतरल्याशिवाय टेबलावर चढणार नाही' म्हणतात. माझ्याच हातच्या जेवणाने हे झालं का?" – एक पत्नी, सांगली

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. या आजारात वय आणि घराण्यातला इतिहास यांचा वाटा मोठा असतो. लठ्ठ पुरुषांत तो जास्त आक्रमक असू शकतो, एवढं खरं. पण तुमच्या स्वयंपाकघरातून तो आला असं कोणी म्हणू शकणार नाही. हे ओझं आजच उतरवा.

डॉक्टर वजनाचं का म्हणाले तेही समजून घ्या. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, ओटीपोटात अगदी खोल असते. तिथे चरबी जास्त असली की हात चालवायला जागा कमी उरते, वेळ जास्त लागतो, रक्तही जास्त जाऊ शकतं. रोबोटिक ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरून पेशंटचं डोकं खाली, पाय वर ठेवतात. तेव्हा पोटाचा सगळा भार फुप्फुसांवर येतो. पुढे जखमेत जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी यांचा धोका वाढतो, लघवीवर ताबा यायलाही उशीर लागू शकतो. तरीही जाड माणसांची ही ऑपरेशनं रोज होतात आणि नीट पारही पडतात.

पण वीस किलोंची अट मिस्टरांनी स्वतःच घातली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. ग्लिसन म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा. ग्लिसन ७ मध्ये ३+४ आणि ४+३ असे दोन प्रकार असतात, दुसरा जास्त आक्रमक. रिपोर्ट काढून बघा. किती आठवडे थांबता येईल हे त्यावर, पीएसएवर (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि एमआरआयवर ठरतं, आणि ते सर्जननेच सांगायचं. तारीख वजनकाट्यावर सोडू नका.

लिंबूपाणी बंद करा. उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, अंडी, ताक असू दे, थोडा भातही चालेल. साखर, तळण आणि रात्रीचं उशिराचं जेवण तेवढं आवरा. रोज चालायला पाठवा. लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊ देत, त्यांचा उपयोग नंतर होतो. घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, किंवा वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असतील, तर भूलतज्ज्ञांना सांगाच. यात लाजून चालणार नाही.

मुलाला मात्र स्पष्ट सांगा, बाबांच्या ताटाकडे बघायचं नाही. काळजीपोटी बोलत असला तरी प्रत्येक घासाला त्यांचा अपमान होतोय.

आणि मला वाटतं, मिस्टरांना वजनापेक्षा दुसरीच भीती आहे. या ऑपरेशननंतर लघवी गळते म्हणून काही काळ पॅड वापरावे लागू शकतात. लिंगाला ताठरता देणाऱ्या नसा ग्रंथीला चिकटूनच जातात, त्यामुळे शरीरसंबंधांवर परिणाम होतो, कधी कायमचाही. एकसष्टीच्या माणसाने हे कोणाला विचारायचं? मुलासमोर तर नाहीच. म्हणून पुढच्या भेटीला तुम्ही दोघंच आत जा. नसा वाचवता येतील का, पॅड साधारण किती दिवस लागतात, आणि वजनामुळे धोका फार वाटत असेल तर ऑपरेशनऐवजी रेडिएशन चालेल का, हे विचारा. त्यांची जीभ रेटली नाही तर तुम्ही विचारा, ताई. ते ऐकत असतील.