आरडी मोडून स्कूटी? आधी संध्याकाळच्या एसटीचं बघा

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक यंदा नववीत, वय १४, हायस्कूल ७ किलोमीटरवर. सकाळची एसटी बरोबर मिळते. पण शाळा पाचला सुटते आणि परतीची गाडी पाच मिनिटं आधीच निघून गेलेली असते. पुढची थेट सातला. म्हणून ८० हजारांची आरडी मोडून तिला स्कूटी घ्यायचं घरात चाललंय.

मोडू नका.

१४ व्या वर्षी लायसन मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतं तेही ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं, आणि शोरूममधल्या बहुतेक पेट्रोल स्कूटी ११०-१२५ सीसीच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला, तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. कुणाला लागलं, तर विमा कंपनी दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. तेव्हा आरडी पुरणार नाही, रानाचा तुकडा विकायची पाळी येईल.

अडचण आहे ती संध्याकाळच्या दोन तासांची. तेवढ्यापुरताच पैसा घाला. जाताना एसटीच; अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे. येताना वडाप, म्हणजे सीटमागे भाडं घेणारी खासगी जीप. तुम्ही २० रुपये भाडं लिहिलंय. शाळेचे २२० दिवस धरले तरी वर्षाचे ४,४००. वाडीतल्या तिघी मिळून ओळखीचा एकच वडापवाला महिन्यावर ठरवा.

वाडी ते फाटा दीड किलोमीटरला सायकल घ्या, सहा-सात हजारांत येईल. फाट्यावरच्या दुकानात लावता येईल. ऊस डोक्यावर गेला की त्या रस्त्यावर तुमचा जीव खाली-वर होतो, हे मला कळतं. थंडीच्या दिवसांत घरातल्या कुणीतरी फाट्यापर्यंत जावंच.

आणि मुख्याध्यापकांच्या सहीनं आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या: मुलींची संख्या, शाळा सुटायची वेळ, गाडी १५ मिनिटं उशिरा सोडण्याची विनंती. पोच घ्या, दर आठवड्याला विचारत राहा. वेळ बदलली तर वडापचेही पैसे वाचतील.

ते ८० हजार मुदत ठेवीत फिरवले आणि ७ टक्के मिळाले, तर चार वर्षांत, म्हणजे तिची बारावी होईतो, साधारण १ लाख ५ हजार होतात. तालुक्याबाहेर कॉलेजला गेली तर होस्टेलची अनामत आणि पहिल्या वर्षाची फी त्यातूनच निघेल.

सायकल घ्यायला जाल तेव्हा तिला सोबत न्या. सीटवर बसून पाय जमिनीला टेकतात ना, तेवढं बघा.