मान राखायचा तो कुणाचा?

प्रश्न : वडील गेल्या वर्षी वारले. परवा धाकट्या बहिणीची हळद होती. आई हळद लावायला पुढं झाली, तशी आत्यानं सगळ्यांदेखत तिचा हात धरला. ‘वैनी, तुमी राहू द्या,’ म्हणाली. आत्या स्वतःही विधवाच. मी तिला अडाणी म्हणालो, आवाज चढला. काका म्हणाले, ‘तुला पटत नसंल तर गप बस, पण आमच्या श्रद्धेचा मान राखायला शीक.’ मी देव मानत नाही. पण श्रद्धा म्हटली की तिचा मान राखायलाच हवा, असं काही आहे का? आणि ऑफिसात सत्यनारायण असतो, तेव्हा प्रसाद घ्यावा की नको?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पत्र वाचलं आणि पंचगंगेचा घाट आठवला. वडील गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची. दहाव्याला भावकीतल्या एका म्हातारीनं आईला दगडापुढं बसवलं आणि मला म्हणाली, ‘पोरी, हात धर तिचा घट्ट.’ मी धरला. हिरव्या बांगड्या, हातभर भरलेल्या. एक काच मनगटात शिरली, रक्त आलं, माझा हात सुटला. म्हातारी माझ्यावरच खेकसली. मी परत धरला. आता तोंड उघडलं तर एवढ्या सगळ्यांच्या श्रद्धेचा अपमान होईल, असं वाटलं होतं. खूप वर्षांनी शेंगा फोडता फोडता आई सहज म्हणाली, ‘माझ्या फुटल्या तवा तुज्या हातातल्या तेवढ्या वाजत हुत्या बग.’ बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हा काकांचं वाक्य मला सरळ घेता येत नाही, हे आधीच सांगते. मान देणं आणि मान्य करणं यांत आपण नेहमी घोळ घालतो. दर्ग्यात गेले की मी डोक्यावर पदर घेते, देवळात चपला बाहेर काढते. तो तिथल्या माणसांना दिलेला मान. त्यांचं सगळं मला पटलं, असा त्याचा अर्थ कुणी काढत नाही. काकांना मात्र तुमचं गप्प बसणं हवंय आणि त्याला ते मान म्हणतायत.

त्यांना आपल्या गावातलीच एक गोष्ट विचारा. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात, तेव्हा भटजी वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हणत होते. ते संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. भटजींचं म्हणणं, महाराज शूद्र, आणि शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. ते काही सोंग करत नव्हते हो! पिढ्यान्‌पिढ्यांची, अगदी मनापासूनची श्रद्धाच होती ती. श्रद्धेचा मान आपोआप राखायचा असता, तर महाराजांनी ओल्या अंगानं मुकाट वाड्यावर परतायला हवं होतं. त्यांनी पुढं राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, इनाम काढून घेतलं. धर्म सोडला म्हणावं तर तेही नाही. १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूंचं, पीठ त्यांनीच स्थापलं. काका त्या दिवशी घाटावर कुणाच्या बाजूनं उभे राहिले असते?

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचं, पाळण्याचं स्वातंत्र्य आहे, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. दुसऱ्यानं त्या धर्मापुढं मान तुकवावी, असं त्यात कुठं नाही.

मी स्वतः एवढंच बघते, की उपास कुणाचा आणि पोट कुणाचं. आई मंगळवार धरायची. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत गुडघे धरून तास तास उभी राहायची. ओटीची पिशवी घेऊन मी मागं. मला त्यातलं काही पटत नसे, पण मी कधी शब्द काढला नाही, कारण गुडघे तिचे होते. घाटावर मनगट तिचं होतं आणि श्रद्धा भलत्यांची. हेरवाडच्या लोकांना हे कळलं. आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. त्या ठरावानं कुणाच्या देव्हाऱ्यातला देव हलवला नाही.

आता तुमच्याकडं वळते. आत्याला अडाणी म्हणालात ते चुकलंच. जी बाई स्वतः इतकी वर्षं प्रत्येक हळदीला मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, तिला तुम्ही चारचौघांत सांगितलंत, की तिनं पाळलं ते सगळं फुकट गेलं. ती कशी ऐकेल? तिच्याकडं जाऊन माफी मागा, चहाला बसा. मुद्दा सोडू नका, ‘अडाणी’ तेवढं मागं घ्या.

आणखी एक. तुमच्या एवढ्या लांब पत्रात आईचं एकही वाक्य नाही. तिला विचारलंत का? ती ‘नको रे बाबा’ म्हणेल कदाचित. ते तिचं मन बोलतंय की बायकांचा धाक, हे एका संध्याकाळी कळायचं नाही. तेव्हा तिचा हात ओढून हळदीच्या वाटीत बुडवू नका, त्यालाही हात धरणंच म्हणतात. बहीण माहेरपणाला येईल, ओटी भरायची वेळ येईल, तेव्हा ताट आईसमोर ठेवा आणि थांबा. तिनं हात पुढं केला, तर तिच्यानंतर लगेच तेच ताट आत्याकडं द्या. काकांना तेव्हा पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला पाठवा.

राहिला सत्यनारायण. प्रसाद घ्या की! कुणी प्रेमानं द्रोण हातावर ठेवतंय, त्यात तुमचं काय जातं? पूजेच्या वर्गणीची सक्ती झाली, तर मात्र मला परत लिहा. आणि शिऱ्यात केळं घातलेलं असेल, तर दुसरा द्रोणही मागून घ्या.