आमचीच खरी म्हणणाऱ्यांविषयी

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. एवढं मोठं उत्तर फोनवर लिहायला माझी बोटं चालत नाहीत, म्हणून कागदावर लिहून भाच्याकडून फोटो काढून पाठवतोय. अक्षर लावून घे, शाळेत घेत होतीस तसंच.

तुमच्या नर्सिंग हॉस्टेलच्या खोलीत पोरी चार आणि चर्चंही चार. तू मालवणची कॅथलिक, एक कोट्टयमची ऑर्थोडॉक्स, एक नगरची सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंटांचं) आणि चौथी दर रविवारी कुठल्याशा हॉलमधल्या फेलोशिपला जाणारी. रात्रपाळी संपवून आलात की वाद सुरू, खरी मंडळी, म्हणजे खरं चर्च, कोणाची. त्यात त्या फेलोशिपच्या पास्टरांनी तुला सांगितलं, की लहानपणी डोक्यावर पाणी ओतलं तो बाप्तिस्माच नव्हे, पाण्यात बुडून नव्याने घे. आणि तुझी आजी सायबिणीपुढे, म्हणजे मरियामातेपुढे, मेणबत्त्या लावत गेली, म्हणून तिचं तारण (पापातून सुटका) झालं नाही. इकडे तुझा मावसभाऊ यूट्यूबवरच्या कॅथलिक वक्त्यांचे व्हिडिओ धाडतो, चर्चबाहेर तारण नाही म्हणजे नाही. आणि तू मला विचारतेस, सर, खरं कोण?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मी कॅथलिक आहे, पेत्राच्या गादीचा, म्हणजे पोपांचा, दावा मानतो आणि मरेन तोही त्याच इगर्जीच्या (चर्चच्या) सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, जाण्यासाठी. तुझी काकी वेंगुर्ल्याची, सीएनआयची. आम्ही लग्नासाठी बिशपांची परवानगी काढली होती. तेव्हा मी तटस्थ आहे असं समजून हे वाचू नकोस.

आजीचं आधी. तुझ्या मावसभावाला फादर लिओनार्ड फीनी यांची गोष्ट सांग. हे अमेरिकेतले जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. १९४० च्या दशकात बॉस्टनजवळ हार्वर्डच्या विद्यार्थ्यांमध्ये काम करत आणि शिकवत, की जो उघडपणे कॅथलिक चर्चचा सभासद नाही तो नरकातच जाणार. रोमने १९४९ मध्ये त्यांच्या आर्चबिशपांना पत्र लिहून कळवलं, की चर्चची शिकवण अशी नाही. अजाणतेपणी बाहेर राहिलेला, पण मनापासून देवाची इच्छा पाळू पाहणारा माणूसही तारला जाऊ शकतो. फादर ऐकेनात. रोमला बोलावलं तर गेले नाहीत. १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. कागदोपत्री कारण आज्ञाभंगाचं होतं, हे खरं. पण चर्चबाहेर तारण नाही म्हणून हट्ट धरणारा माणूसच चर्चबाहेर गेला, यातली गंमत मला अजून संपत नाही. (१९७२ मध्ये त्यांना परत घेतलं. रोमला घाई नसते.) आता रोम जर परक्यांच्या आज्यांना नरकात घालायला तयार नाही, तर हॉलमधल्या पास्टरांना तुझ्या आजीचा निकाल लावायचा अधिकार कुणी दिला, हे तूच बघ.

पण मावसभावाचं सगळंच चूक आहे असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६४ मध्ये मांडलं, की ख्रिस्ताची एकमेव ख्रिस्तसभा कॅथलिक चर्चमध्ये वसते. आणि लगेच त्याच वाक्यात पुढे म्हटलं, की तिच्या सीमेबाहेरही पावित्र्याचे आणि सत्याचे पुष्कळ अंश आढळतात. म्हणजे दावा सोडलेला नाही, फक्त दार आतून लावून घेतलेलं नाही. पुढे २००० साली रोमहून आणखी एक निवेदन निघालं. ज्या मंडळ्यांमध्ये प्रेषितांपासून चालत आलेलं बिशपपद नाही, त्यांना नेमक्या अर्थाने चर्च म्हणता येत नाही, असं त्यात होतं. तुझी काकी तेव्हा काही दिवस माझ्याशी कामापुरतीच बोलत होती. तिचं एवढंच म्हणणं, की वेंगुर्ल्याच्या सेंट लूक्स हॉस्पिटलात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी आयुष्यं घालवली, ते ‘नेमक्या अर्थाने’ काय होते? मला उत्तर देता आलं नाही. धर्मशास्त्रात उत्तर आहे, पण ते जेवायच्या टेबलावर देण्यासारखं नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. आपल्या किनाऱ्यावर ‘खरे आम्ही, खोटे ते’ म्हणून जी मोठी भांडणं झाली, ती नीट उकलून बघ. वर सिद्धांत असतो, आत बहुतेक वेळा एकच प्रश्न सापडतो: पाद्री नेमायचा कोणी?

मुंबईचं घे. पोपने पोर्तुगालच्या राजाला जुन्या काळी हक्क दिला होता, पूर्वेकडची चर्चं बांधा, पोसा आणि तिथले बिशप तुम्ही सुचवा. हाच पाद्रोआदो. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, मुंबईत इंग्रज बसले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईही घेतली. मुंबईच्या इंग्रजांना गोव्याच्या आर्चबिशपांची माणसं नको होती. रोमच्या प्रोपागांडा खात्याने (धर्मप्रसाराचं काम बघणाऱ्या) आपले पाद्री पाठवले. १७९४ पासून मुंबईच्या कॅथलिकांची रीतसर वाटणी झाली, काही चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांकडे, काही रोमच्या प्रतिनिधीकडे. मिस्सा (उपासना) तीच, लॅटिन तीच, पोपही तोच. तरी एकमेकांना धर्मद्रोही म्हणण्यापर्यंत मजल गेली. हे दुहेरी राज्य थेट १९२८ पर्यंत चाललं. मिटलं तेही कसं, तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असा करार करून! १९५० मध्ये वालेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले, तेव्हा कुठे त्या खुर्चीवर आपला माणूस बसला.

त्याच भांडणातून फादर आल्वारिस निघाले. गोव्याचे, वेर्णा गावचे, गोरगरिबांची सेवा करणारे, वर्तमानपत्रं चालवणारे पाद्री. १८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन पाद्रोआदोची हद्द कापली गेली, तेव्हा गोव्याच्या पाद्र्यांना मानणाऱ्या श्रीलंकेतल्या आणि इकडच्या कित्येक कॅथलिकांना ते सहन झालं नाही. आल्वारिस केरळात गेले आणि १८८९ मध्ये सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशप झाले, मार जुलियस या नावाने. गोव्याच्या चर्चने त्यांना बहिष्कृत केलं. १९२३ मध्ये ते गोव्यातच वारले. त्यांच्या अस्थी रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. आज त्यांना संत मानणारे आहेत. मी तिथे जाऊन उभा राहिलोय. माणूस मोठा होता यात मला शंका नाही. पण त्यांनी रोम सोडलं ते ख्रिस्ताबद्दल काही नवं उमगलं म्हणून सोडलं, असं म्हणायला मन धजत नाही.

तुझ्या कोट्टयमच्या मैत्रिणीला हे नाव माहीत असेल. तिच्या चर्चची मूळ जखमही गोव्याचीच आहे. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयम्पेरूरला सिनड (धर्मसभा) भरवून तिथल्या प्राचीन सिरियन ख्रिस्ती लोकांना लॅटिन शिस्तीत बांधलं. १६५३ मध्ये मट्टनचेरीच्या क्रुसाला दोऱ्या बांधून, त्या हातात धरून लोकांनी शपथ घेतली, जेझुइटांच्या हुकमतीखाली राहणार नाही म्हणून. ज्यांनी ती बाजू धरली त्यांच्यातही पुढे दोन तट पडले, अंत्योखियाच्या पात्रिआर्कांना, म्हणजे सिरियन चर्चच्या प्रमुखांना, किती मानायचं यावरून. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल ऑर्थोडॉक्सांच्या बाजूने लागला. त्यानंतरही चर्चच्या दारात पोलीस उभे राहिले.

प्रॉटेस्टंटांना यातून सूट आहे असं वाटायला नको. बाणकोट-हर्णै भागात स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून आले. १८४३ मध्ये तिकडे स्कॉटलंडमध्ये चर्च फुटलं, कारण काय, तर गावचा जमीनदार आपल्या मर्जीचा पाळक मंडळीवर लादू शकतो का. त्या फुटीची धग मुंबईला पोचली. जॉन विल्सन, आणि पूर्वी हर्णैला राहिलेले नेस्बिट, फुटून निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेले आणि विल्सनना स्वतः उभी केलेली संस्था जुन्या चर्चकडे सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. इथल्या मराठी ख्रिस्ती माणसाने स्कॉटलंडचा जमीनदार कधी पाहिलाही नव्हता.

एवढं वाचून तू म्हणशील, मग सगळं सारखंच. नाही गो, तसं मुळीच नाही. भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त खरोखर असतो की आठवणीपुरता, हा लहान प्रश्न नव्हे. तुझी काकी आणि मी एका घरात एवढी वर्षं राहतो, पण माझ्या मिस्सेत ती कम्युनियन घेत नाही आणि तिच्या प्रभुभोजनात मी घेत नाही. हे दुखतं. पण दुखतं म्हणून ते भेद नाहीतच, असं मी म्हणणार नाही.

बाप्तिस्म्याचा प्रश्न असाच खरा आहे. पास्टरांच्या बोलण्यात वजन आहे हे आधी मान्य कर: बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत बाप्तिस्मा घेणारे बहुतेक लोक ऐकून, विश्वास ठेवून, स्वतः पाण्यात उतरलेले दिसतात. आपल्या बाजूने फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे बोट दाखवतात, त्याचा सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा झाला. सीएनआयने यावर शहाणपणाची वाट काढली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चं एक झाली, त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि तो न मानणारे बॅप्टिस्टही. दोन्ही रिती ठेवल्या. तुझ्या नगरच्या मैत्रिणीला विचार, तिच्या घरी याच्या गोष्टी असतील.

पण दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊ नकोस. हे मी सल्ला म्हणून नव्हे, जवळजवळ आज्ञा म्हणून लिहितोय. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत, की आमच्याबाहेरच्यांनी दिलेला बाप्तिस्मा पोकळ, इकडे येणाऱ्याला नव्याने द्या. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे वाक्यही मूळ त्यांच्याच लिखाणातलं. रोमचे बिशप स्टीफन यांनी ठाम नकार दिला: पाणी असेल आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांचं नाव घेतलेलं असेल, तर देणारा कोण होता याने फरक पडत नाही. पुढे चर्चने स्टीफनचं धरलं, सिप्रियनला संत मानूनसुद्धा. म्हणून तर तुझी काकी उद्या कॅथलिक व्हायला निघाली (निघणार नाही), तरी तिला कोणी पुन्हा पाण्याखाली धरणार नाही. आपलं चर्च स्वतःला खरं म्हणताना दुसऱ्याच्या हातून झालेलं देवाचं काम पुसत नाही. पास्टरांनी तुझं पुसायला मागितलं, तिथेच माझं त्यांच्याशी जमत नाही.

कुठल्याच चर्चचं न होता फक्त ख्रिस्ताचं राहायचं, असंही तू शेवटी लिहिलंस. हा मोह जुना आणि चांगल्या माणसांना होणारा आहे. रेव्हरंड टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये राबले आणि १९१७ मध्ये मिशन सोडून देवाचा दरबार काढला: बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणारा प्रत्येक जण भाऊ. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. त्यांची गीतं मात्र काकीच्या मंडळीत दर रविवारी म्हटली जातात. पंडिता रमाबाईंचं थोडं वेगळं. १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, पण कुठल्याही धर्मगुरूचा शब्द केवळ त्याचा म्हणून मानायला त्यांनी साफ नकार दिला आणि मुक्ती मिशन कुठल्याच पंथाच्या दावणीला बांधलं नाही. ते मिशन अजून आहे. केडगाव पुण्याहून दूर नाही. सुटीच्या दिवशी चौघी मिळून जाऊन या.

आणि आपल्या बढायांबद्दलही एक. दर रविवारी आपण एक, पवित्र, कॅथलिक, प्रेषितीय ख्रिस्तसभा म्हणतो. याच किनाऱ्यावर, गोव्यात, कोंफ्रारीचा (चर्चमधल्या बंधुसंघाचा) लाल झगा कोणत्या जातीने घालायचा यावरून इगर्जीत हाणामाऱ्यांची वेळ आलेली आहे. लग्न ठरवताना तुझ्या घरी काय विचारतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मावसभावाने याच्यावरचा व्हिडिओ पाठवला तर मलाही पाठव.

आता करायचं काय ते. फेलोशिपला एखाद्या रविवारी मैत्रिणीबरोबर गेलीस तर माझी हरकत नाही, तिची प्रार्थना खरी आहे हे तूच लिहिलंस. मिस्सा मात्र चुकवू नकोस. रविवारी ड्युटी असेल तर शनिवारी संध्याकाळची चालते. पास्टरांना सिद्धांतावर वाद घालायला जाऊ नकोस, ते रोज तेच करतात, तू हरशील. त्यांना तीन गोष्टी विचार: तुम्हाला नेमलं कोणी, तुम्ही चुकलात तर तुम्हाला थांबवू कोण शकतं आणि दशांशाचा, म्हणजे लोक उत्पन्नाचा दहावा भाग देतात त्याचा, हिशेब कोण बघतं. रागाने नको, नव्या वॉर्डात रुजू झाल्यावर विचारतेस तसं. हेच आपल्या फादरांनाही विचारायला हरकत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असावीच लागते; तिच्यावर कोण कोण आहे हे इथल्या किती जणांना माहीत आहे, देव जाणे. मी परवा विचारलं, तर फादर म्हणाले, मास्तर, तुम्हीच या ना समितीवर. आता बसलोय अडकून.

पास्टर काय म्हणाले ते कळव. काकीने सोलं सुकवून ठेवली आहेत, एसटीने येणारं कोणी मिळालं की पाठवते.

तुझा
मास्तर