शंभर प्रपोजल पाठवली, काम एकही नाही. रिव्ह्यू असलेलं अकाउंट विकत घेऊन द्यावं का?

नमस्कार,

तुमच्या पत्राचा सारांश असा की लेक डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, व्हिडिओ एडिटिंग स्वतःचं स्वतः शिकली, चार महिने झाले अपवर्कवर, म्हणजे घरबसल्या सुटी कामं मिळवायच्या साइटवर, रात्री जागून प्रपोजल (कामासाठीचे अर्ज) पाठवतेय, शंभराच्या वर गेली असतील, काम मात्र एकही मिळालं नाही. आता कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की चांगले रिव्ह्यू असलेलं जुनं अकाउंट विकत मिळतं. तर ते घेऊन द्यावं, की हा नाद सोड आणि नोकरी बघ असं सांगावं, हा तुमचा प्रश्न.

अकाउंटचं आधी बोलतो, कारण ते पैसे तुम्ही कधीही देऊन बसाल. अजिबात घेऊ नका. अकाउंट विकणं, भाड्यानं देणं हे नियमातच बसत नाही, आणि साइट मध्येच कधीही ओळखपत्र मागते, कॅमेऱ्यासमोर या म्हणते, तिथं नाव एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा निघाला की अकाउंट बंद, आत अडकलेले पैसे पण धोक्यात. शिवाय ज्यानं विकलं तोच उद्या पासवर्ड रिसेट करून ते परत घेऊ शकतो आणि तुम्ही तक्रार कुणाकडे करणार?

आता मूळ अडचण. तिला एडिटिंग येत नाही असं पत्रावरून तरी वाटत नाही. पण क्लायंट जगातला सगळ्यात भारी एडिटर शोधतच नसतो हो. त्याला भीती असते, की काम दिलं आणि माणूस मध्येच गायब झाला तर, चार वेळा सांगून पण ह्याला कळलंच नाही तर, माझी तारीख हुकली तर. ज्याच्याकडे ढीगभर रिव्ह्यू आहेत त्याच्याबाबतीत ही भीती आपोआप कमी होते. नवीन मुलीकडे ते नाहीत, म्हणजे भीती कमी करायला तिला दुसरं काहीतरी दाखवावं लागणार, आणि 'मी मेहनती आहे, एक संधी द्या' हे ते नव्हे, कारण ते सगळेच लिहितात.

तुम्ही प्रोफाइलची लिंक दिलीत ते बरं केलंत. तिथं व्हिडिओ एडिटिंग, लोगो, डेटा एन्ट्री, ट्रान्सलेशन, सोशल मीडिया सगळंच लिहिलंय. जास्त लिहिलं की जास्त कामं मिळतील असं वाटतं खरं पण बघणाऱ्याला वाटतं हिला नक्की काय येतं. डेटा एन्ट्री तर काढूनच टाका, तिथं गर्दी सगळ्यात जास्त आणि फसवणूक पण. एकच गोष्ट ठेवा, उदाहरणार्थ पॉडकास्टच्या लांब एपिसोडमधून छोट्या उभ्या क्लिप्स काढून सबटायटल टाकून देणं. प्रोफाइलच्या टायटलमध्ये तेवढंच, पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांत, तशाच चार-पाच क्लिप्स. क्लायंट नाही मग क्लिप्स कुठून आणू असं ती म्हणेल, तर सरावासाठी स्वतः निवडलेल्या एपिसोडवर करायच्या आणि खाली स्पष्ट लिहायचं की हे सरावाचं काम आहे. खोटं क्लायंटचं नाव टाकायचं नाही.

मग प्रपोजल. क्लायंटला यादीत प्रत्येक प्रपोजलच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी उघडल्यावर. तिनं त्या ओळी 'डिअर हायरिंग मॅनेजर, आय ॲम अ हायली मोटिव्हेटेड' मध्ये घालवल्यात. आणि आता एआयकडून लिहून घेतलेली असली पत्रं प्रत्येक क्लायंटला ढिगानं येतात, त्यामुळे नीट इंग्रजी असणं ह्याचं आता काही कौतुक राहिलेलं नाही. पहिल्या ओळीत क्लायंटच्याच कामाबद्दल पाहिजे: तुमच्या अमुक एपिसोडमध्ये बाराव्या मिनिटाला पाहुणा जे बोलतो त्याची चांगली क्लिप होईल, मी तीस सेकंदांची करून बघितली, लिंक ही. बस. तिनं एपिसोड ऐकलाय हे क्लायंटला कळलं, काम येतं हे दिसलं, सगळं तीस सेकंदांत. मात्र हे आपण होऊन केलेलं वेगळं आणि क्लायंटनं 'टेस्ट म्हणून अख्खा व्हिडिओ फुकट करून दाखव' म्हणणं वेगळं, ह्या दुसऱ्या प्रकाराला सरळ नाही म्हणायचं, फुकट काम मागणं साइटच्या नियमात पण बसत नाही.

अशी प्रपोजल दिवसाला दहा होणारच नाहीत, दोन-तीन होतील आणि तेवढीच पाहिजेत. अपवर्कवर प्रत्येक अर्जाला कनेक्ट्स, म्हणजे साइटची टोकनं, लागतात, ते संपले की विकत घ्यायचे, म्हणजे बिनविचाराचं प्रत्येक प्रपोजल खिशातून जातं. अर्ज करण्याआधी बघायचं: क्लायंटचं पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आधी कुणाला काम दिलंय का की नुसत्याच पोस्ट टाकतो, पोस्ट किती वेळापूर्वीची, पन्नासच्या वर प्रपोजल आणि मुलाखती सुरू असतील तर सोडून द्यायचं. टेलिग्रामवर या, डिपॉझिट भरा, आधी ट्रेनिंग फी द्या असं कुणी म्हटलं की तिथंच थांबायचं.

रेट सगळ्यात कमी ठेवू नका. त्यानं भीती कमी होत नाही, उलट वाढते, आणि अगदी स्वस्त शोधणारे क्लायंटच जास्त छळतात असा माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा अनुभव. त्यापेक्षा काम लहान घ्या, एकाच क्लिपचं, रेट बऱ्यापैकी. फिक्स्ड प्राइसचं, म्हणजे ठरलेल्या रकमेचं काम असेल तर माइलस्टोनचे (कामाच्या त्या टप्प्याचे) पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे साइटकडे राखून ठेवलेले, जमा झालेले दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. काम साइटवरच सबमिट करायचं, मग क्लायंट काहीच बोलला नाही तरी १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात. मेलवर फाइल पाठवून मोकळं झालं की हे संरक्षण गेलं.

तुम्ही तिला रोज 'मिळालं का काम' विचारता असं पत्रावरून जाणवलं. त्याऐवजी महिन्यातून एकदा तीन आकडे विचारा: किती पाठवली, किती उघडली गेली, किती जणांनी उलट मेसेज केला. साइटवर हे दिसतं. उघडलीच जात नसतील तर पहिल्या ओळी किंवा कामाची निवड चुकतेय. उघडून पुढे काही नाही तर पोर्टफोलिओ किंवा रेट. मेसेज येतात पण काम मिळत नाही, मग बोलण्यात अडतंय. नुसतं 'नशीब नाही' म्हणण्यापेक्षा ह्यातून काहीतरी हातात येतं.

नोकरीचं म्हणाल तर ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. अजून तीन महिने वर सांगितलंय तसं करू द्या आणि सोबत तिला एडिटिंगच्या नोकरीसाठी, इंटर्नशिपसाठी अर्ज करायला सांगा, त्याच चार-पाच क्लिप्स तिथं पण लागतील. रात्रीचं जागरण मात्र परीक्षेच्या महिन्यात बंद करा. प्रोफाइल बदलून झालं की लिंक परत पाठवा, बघतो.