बैलाच्या तोंडून कोण बोलतं

प्रिय पोरी,

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं. तुरीची सवंगणी चालू आहे, दिवसभर वावरात जावं लागतं, म्हणून रात्रीच वाचलं. चार रात्री लागल्या. पहिल्या रात्री पहिलं प्रकरण संपवून मी कंदील घेऊन गोठ्यात जाऊन आले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण एखाद्या विद्यार्थिनीचं लिखाण वाचून असं उठून जावं लागलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढे बरंच कडू लिहायचं आहे.

पोळ्याची आदली संध्याकाळ. पोरगा बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, पळसाच्या पानानं शेकतो आणि रीतीप्रमाणे म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ आणि बैल त्याच्या मेलेल्या बापाच्या आवाजात म्हणतो, ‘मी तं जेवूनच निघालो होतो, बापू.’ एवढंच. भूत नाही, वारा नाही, कुत्र्याचं रडणं नाही. आपल्याकडच्या कोणत्याही माणसाला कळेल की तो कुठे निघाला होता आणि फवारणीच्या डब्याचं नाव न घेता तू सगळं सांगून गेलीस. या वाक्याला हात लावू नकोस. कुणी संपादक म्हणाला तरी लावू नकोस.

आता पुढचं.

कादंबरीला तू एक नियम दिलास. मेलेला माणूस आवतणापासून दुसऱ्या दिवशी पोळ्याचं तोरण तुटेपर्यंतच बोलेल आणि आपल्याच घरच्या बैलाच्या तोंडून बोलेल. फार चांगला नियम आहे. पण पाचव्या प्रकरणात तूच तो मोडलास. तिथे बाप स्वप्नात येतो. आठव्यात विहिरीतून बोलतो. बाराव्यात मोबाइलवर त्याचा आवाज येतो. जिथे जिथे गोष्ट अडली, तिथे तिथे तू एक नवीन दार फोडलंस. वाचणारा दोनदा सोसतो, तिसऱ्यांदा त्याची भीती जाते. काहीही होऊ शकतं म्हटल्यावर कशाचंच काही वाटत नाही.

नियम सोडू नको, उलट त्याचा पिच्छा पुरव. बैलच हवा म्हणतेस ना? मग गावात बैल किती आहेत ते मोज. मी लहान होते तेव्हा आमच्या पोळ्यात तोरणाखाली जोड्या मावत नसत. यंदा अकरा होत्या, बाकीच्यांनी ट्रॅक्टर धुऊन उभे केले. म्हणजे तुझ्या कादंबरीत ज्याची जोडी उन्हाळ्यात बाजारात गेली, त्याचा बाप यंदा बोलणार नाही. तो पोरगा विकलेला बैल शोधत गावोगावच्या बाजारात फिरेल. पाच हात पुढे गेलेल्या बैलाचा नवा मालक त्याला गोठ्यात येऊ देईल का? आवतण कुणी द्यायचं? हे मी दोन मिनिटांत विचारलं, तू दोन वर्षं त्यात राहिली आहेस, तुला यापेक्षा जास्त दिसेल.

आणि ज्यांच्या घरी बैल कधी नव्हतेच, त्यांचं काय? सालदार, रोजानं जाणाऱ्या बाया, निंदणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजानं पंप पाठीवर घेणारेही होते. ते कुणाच्या तोंडून बोलतील? तुझ्या तीनशे पानांत एकही मजूर मरत नाही, एकही बाई मरत नाही. मुद्दाम केलं नसशील. पण तुझ्या नियमात ते आपोआप झालंय, आणि तुझ्या लक्षात आलं तर कादंबरीचा कणा इथेच आहे. पलीकडच्या जगातही सातबारा लागतो, असं ते जग होतं.

तू तहसील कचेरीत जाऊन बस. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारची एक लाखाची मदत मिळते, पण आधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन कुणाच्या नावे होती, कर्ज बँकेचं होतं की परवाना नसलेल्या सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे बघतात. नावे जमीन नसलेली बाई वावरात जन्म घालवून गेली तरी कागदावर शेतकरी होत नाही. ‘अपात्र’ हा शब्द आमच्या शेजारच्या आळीतल्या एका सुनेनं मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा तिला त्याचा अर्थ नीट माहीत नव्हता. तिनं विचारलं, ‘बाई, अपात्र म्हंजे ते मेलेच नाहीत का?’ हे वाक्य मी तुला देते. मी त्याचं काही करू शकले नाही. तुझ्या गावात अपात्र मेलेले पोळ्याच्या रात्री शिवेवर उभे राहतात आणि त्यांना आवतण नाही, असं मला सारखं दिसत राहिलं. घ्यायचं तर घे.

प्रकरणांच्या सुरुवातीला संस्कृत श्लोक टाकलेस, ते काढ. त्यांचा अनादर म्हणून नाही. तुझ्या हाताशी त्याहून जवळचं आहे. पोळ्यात तोरणाखाली झडत्या होतात. गावातला कुणीही उठतो, भाव, कर्ज, पुढारी, पाऊस सगळ्यांना चार ओळींत धरतो आणि शेवटी महादेवाला हाक मारतो. देव आणि तक्रार एका श्वासात. तू अध्यात्म आणि समाज कसे सांधावेत असं पत्रात विचारलंस, ते आपल्या बापजाद्यांनी असं सांधलेलं आहे. एकेका प्रकरणाला एकेक झडती लिही, स्वतःची. जशी जमेल तशी:

पऱ्हाटीले बोंड आलं, बोंडाले नाही भाव,
सावकाराच्या वहीत साऱ्या गावाचं नाव,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

मला काही फार चांगली जमली नाही, पण जात्यावरच्या ओवीसारखी ती हाताला लागते. तू वडिलांसोबत पोळ्यात उभी राहिली आहेस, तुझी चांगली होईल.

आता तुझ्या कादंबरीतली करणीवाली म्हातारी. तिच्याविषयी मला सरळ लिहिता येत नाही, म्हणून माझीच गोष्ट सांगते.

मी चोवीस वर्षांची असताना एक कथा लिहिली होती. गावकुसाला एकटी राहणारी विधवा, पोरं दगावतात, लोक तिच्यावर संशय घेतात, आणि शेवटी कळतं की ती खरंच करणी करते. शेवटाला वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून मी तो तसा केला. काटा यायचाही. कोजागिरीला गावातच देवळासमोर मी ती वाचली, दूध आटत होतं, पन्नास-साठ माणसं होती. मागच्या बाजूला आमच्या गावची एक म्हातारी बसली होती. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या दारावरून जाताना बाया पदराखाली लेकरू झाकत. मला हे माहीत होतं आणि लिहिताना मी तिचंच घर, तिचीच चूल, तिचंच वाकून चालणं घेतलं होतं. ती मधेच उठली. काठी टेकत गेली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी तिच्या अंगणात लिंबू कापून टाकले.

मी तिच्याकडे गेले, पण आठ दिवसांनी. तिनं चहा केला आणि म्हणाली, ‘तू तं शाळा शिकलेली व माय.’ त्यापुढे काही नाही. ती पुढे सहा-सात वर्षं जगली, आणि त्या प्रत्येक वर्षात माझी कथा तिच्याभोवती होती.

म्हणून तुझ्या नवव्या प्रकरणातली म्हातारी वाचताना माझा हात थरथरला. तू तिला पिंपळाखाली बसवलंस, तिच्याकडे बाहुल्या दिल्यास आणि गावच्या नापिकीचं खापर तिच्या डोक्यावर फोडलंस. बँक सुटली, बियाणं सुटलं, बोंडअळी सुटली, व्यापारी सुटला. सापडली ती एकटी बाई. अगं, गावं नेमकं हेच करत आली आहेत. कादंबरीनंही तेच केलं तर मग आपण कशाला लिहायचं? महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. अमुक बाई करणी करते म्हणून तिला मारणं, तिची धिंड काढणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वारी, कीर्तन, पूजा यांना तो कायदा हात लावत नाही. एवढी साधी सीमा कायद्याला आखता आली. तुझ्या कादंबरीत ती धुऊन गेली आहे.

अद्भुत काढून टाक असं मी म्हणत नाही. बैल बोलू दे. पण तो बोलल्यामुळे कुणाच्या दारात लिंबू पडतील, हे प्रत्येक वेळी विचार. म्हातारी ठेवायची असेल तर गाव तिला करणीवाली म्हणतं एवढंच ठेव आणि पोळ्याच्या रात्री तिच्या गोठ्यातली भाकड गाय कुणाचा आवाज काढते ते बघ. गाय हा तुझ्या नियमाला अपवाद होईल. नियम मोडायचा तर एकदाच आणि अशा जागी मोडावा.

शेवटाबद्दल. महाराजांनी अंगारा फुंकला, पाऊस आला, कर्ज माफ झालं. पोरी, हा शेवट तुझा नाही. तू थकली होतीस आणि घरी जायचं होतं, असं ते पान सांगतं. अंगाऱ्यानं कर्ज फिटलं तर पहिल्या पानावरच्या बापाचं मरण म्हणजे नुसता अंगारा वेळेवर न मिळणं झालं. त्या माणसाचा तो अपमान आहे.

तुला साधुपुरुष हवा, हे मला कळतं. वऱ्हाडातल्या कादंबरीत तो नसला तर खोटं वाटेल. पण कसा हवा ते आपल्याच मातीत बघ. गाडगेबाबा. शेंडगावला १८७६ साली जन्मले, मामाच्या घरी वाढले, आणि मामाची जमीन सावकारानं कशी गिळली ते डोळ्यांनी पाहिलं. ते हातात खराटा घेऊन गावात शिरत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तरं लोकांकडूनच काढायची. कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरं कापू नका, पोराला शाळेत घाला. अंगारा दिला नाही, कुणाला पायावर डोकं ठेवू दिलं नाही. त्या माणसापाशी अलौकिक काय होतं, हे मला अजून पुरतं सांगता येत नाही, पण होतं. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ ते गेले. त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं मी लहानपणी ऐकली आहेत, त्यांचा आवाज बदलायचा.

तुझ्यासाठी एक जागा सांगते. पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. नाव बघ. पौषातल्या रविवारी तिथे जत्रा भरते, तिथे नदीत बुडी मारली की ऋण फिटतं अशी श्रद्धा आहे. गाडगेबाबा तरुणपणी त्या जत्रेत जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी काठावरची वाट नीट करायचे, पुढे तिथे घाट बांधून घेतला. लोक ऋण फेडायला पाण्यात उतरतात आणि हा माणूस त्यांचा पाय घसरू नये म्हणून माती ओढतो. तुझ्या महाराजांना अंगाऱ्याऐवजी फावडं देऊन बघ. पाऊस पाडायची गरज राहते का, तेही बघ.

भाषेचं थोडक्यात. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत, हे चालेल. पण वऱ्हाडी फक्त गरीब आणि येडपट माणसांच्या तोंडी घातलीस. तुझा तलाठी, तुझा डॉक्टर, तुझे महाराज घरी काय बोलतात? आणि अद्भुत घडतं तिथे तुझी वाक्यं एकदम लांब आणि जड होतात. महानुभाव पंथाचं रिद्धपूर आपल्यापासून काही फार लांब नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. त्यात अचाट काही असलं तरी सांगणं कसं आहे ते बघ: कुठे घडलं, कोण होतं, कोण काय म्हणालं. बारीक वाक्यं. आश्चर्याचं विशेषण नाही. मराठी गद्य असं सुरू झालं, आपल्याच भागात. रात्री एकेक लीळा मोठ्यानं वाचत जा, महिनाभर.

घाई करू नको. पुढच्या पोळ्यापर्यंत तरी कुणाला दाखवू नको. संक्रांत झाली की ये, दोन दिवस राहा, तुरीच्या शेंगा भाजू. शेजारच्यांची जोडी अजून आहे, म्हातारे बैल आहेत, पण विकले नाहीत त्यांनी. रात्री गोठ्यात बसायला मी सांगून ठेवते. तू पहिल्या प्रकरणात लिहिलंस की बैल ‘रवंथ करत असताना बोलला’. तसं होत नाही. नीट बघितलंस तर एक घास गिळून दुसरा वर येईपर्यंत त्याचं तोंड क्षणभर थांबतं. मान स्थिर होते. मग गळ्यातून गोळा वर चढताना दिसतो. तेवढ्या थांब्यात बोलू दे त्याला.

तुझी,
बाई