गुहागरहून दीर्घिकेचा पहिला फोटो: दुर्बीण की नुसती लेन्स?

तुम्ही विचारलंय, घर गुहागरजवळ आहे, ६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आणि साधा डीएसएलआर आहे, पण देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारामंडळाचा, फोटो काढायला गेलं की नुसत्या पांढऱ्या रेघा येतात, काय चुकतंय?

माझं ऐका, पहिल्या फोटोसाठी दुर्बीण घरीच राहू दे. देवयानी आकाशात जवळपास ३ अंश पसरली आहे, म्हणजे ओळीने सहा पूर्णचंद्र. तुमच्या दुर्बिणीची फोकल लेंथ बहुधा १२०० मिमी असणार. तिच्यातून कॅमेऱ्यात जेमतेम १ अंशाचा तुकडा मावतो. शिवाय डॉब्सोनियन आकाशाबरोबर फिरत नाही, त्यामुळे एका सेकंदातच तारे पंधराएक पिक्सेल सरकतात. तुमच्या रेघा त्याच.

१३५ मिमीची लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड पुरे. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ १६००, एक्स्पोजर २ सेकंद. फोकस मात्र जीव ओतून करा: लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा १० पट मोठा करून तो अगदी बारीक होईपर्यंत रिंग फिरवा आणि मग रिंगला टेप लावून टाका. असे ६०० फोटो काढले की २० मिनिटांचा प्रकाश जमतो. आकाश सरकतं, म्हणून दर दहा मिनिटांनी दीर्घिका पुन्हा मध्यावर आणा. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर तीसेक फोटो घ्या. सेन्सरचे खोटे ठिपके त्यांच्यामुळे वजा होतात. हे सगळं सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचं, म्हणजे स्टॅक करायचं. दोन्ही फुकट आहेत.

कार्तिक अमावास्येच्या आसपास रात्री नऊ-साडेनऊला देवयानी उत्तरेकडे चांगली ६५ अंश वर असते. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या ‘एम’चं जास्त टोकदार टोक तिच्याकडेच बोट दाखवतं.

किनाऱ्यावर मात्र जाऊ नका. तिथे खारी, दमट हवा आणि समुद्रात बोटींचे दिवे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जा. कातळावर माड-पोफळी आड येत नाहीत आणि चहूबाजूंनी आकाश मोकळं. पण तिथे फुरसं हा विषारी साप असतो, हे हसण्यावारी नेऊ नका. पायात बूट हवेत, चालताना पांढरा टॉर्च पायाशी धरा आणि लाल दिवा एका जागी बसल्यावरच वापरा. एकटं तर जाऊच नका.

दवाचं एक सांगतो. माझ्या पहिल्या रात्री अर्ध्या तासात लेन्सच्या काचेवर दव बसलं आणि ते घरी आल्यावर कळलं. दोनशेहून जास्त फोटो धुरकट, सगळे फुकट गेले. तेव्हापासून पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सला गुंडाळल्याशिवाय मी एकही फोटो काढत नाही. आपल्याकडे तो चैनीचा नाही, गरजेचा आहे. आणि काच कोरड्या फडक्याने पुसू नका. मिठाचे कण ओरखडे पाडतात, आधी ब्लोअरने उडवा. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यातच ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

पुढे दुर्बिणीतून लहान दीर्घिका टिपायच्या तर इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारी बैठक, लागेल. घेण्याआधी अंगणातून ध्रुवतारा दिसतो का ते पाहा. गुहागरहून तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर असतो, हात लांब धरून पावणेदोन मुठी. वाडीतल्या झाडांमागे तो सहज लपतो, आणि माउंट जुळवायला तोच सर्वांत सोपा आधार.

पहिला स्टॅक तयार झाला की गाभ्याच्या अगदी कडेला एक छोटा गोल ठिपका शोधा: ती एम ३२. दुसऱ्या बाजूला जरा लांब, पुसट लांबोडकी एम ११०. दोघी देवयानीच्या सोबतिणी, लहान दीर्घिका. दोन्ही दिसल्या की फोटो इथे नक्की टाका, मग माउंटचं सविस्तर बोलू.