‘एमिक’ आणि ‘एटिक’ : कोणाच्या लेखी?

मानवशास्त्रात एखाद्या समाजाच्या स्वतःच्या हिशेबातले भेद धरून केलेल्या वर्णनाला ‘एमिक’ आणि अभ्यासकाच्या सर्वत्र लागू पडणाऱ्या मोजपट्टीने केलेल्या वर्णनाला ‘एटिक’ म्हणतात. या जोडीसाठी ‘अंतःस्थ’ व ‘बहिःस्थ’ हे प्रतिशब्द चालतील का, असा प्रश्न आहे. माझ्या मते ते टाळावेत, आणि त्याचे कारण ‘अंतःस्थ’ म्हटले की व्याकरण शिकलेल्या वाचकाला य, र, ल, व आठवतात एवढेच नाही.

हे दोन्ही शब्द अमेरिकन भाषावैज्ञानिक केनेथ पाइक यांनी १९५४ साली ‘फोनेमिक’ (भाषेत अर्थभेद करणाऱ्या ध्वनींविषयीचे) आणि ‘फोनेटिक’ (प्रत्यक्ष उच्चारलेल्या ध्वनींविषयीचे) यांचे पूर्वार्ध छाटून घडवले. इंग्रजी ‘पिन’मधला प उच्चारताना ओठांतून हवेचा झोत निघतो, ‘स्पिन’मध्ये तो निघत नाही, ध्वनींचे मोजमाप करणाऱ्याला हे दोन वेगळे ध्वनी आहेत, पण इंग्रजी भाषकाला तो एकच वाटतो. मराठीत मात्र तेवढ्याच झोताने ‘पळ’चे ‘फळ’ होते. (हल्ली अनेकजण ‘फळ’ ओठ दातांना टेकवून उच्चारतात, तो भाग निराळा.) म्हणजे प्रश्न बोलणारा आतला की बाहेरचा हा नसून कोणता भेद कोणाच्या हिशेबात धरला जातो हा आहे. परका अभ्यासकही एमिक वर्णन करू शकतो आणि मराठी माणूस आपल्याच भाषेचे एटिक. ‘अंतःस्थ-बहिःस्थ’ ही जोडी नेमकी इथे दिशाभूल करते, कारण ती दृष्टीऐवजी माणसाचा पत्ता सांगते.

नात्यांचे उदाहरण घ्यावे. वंशावळीच्या तक्त्यात वडिलांचा भाऊ आणि मावशीचा नवरा ही दोन स्वतंत्र स्थाने असतात, पण घरात दोघांनाही ‘काका’ म्हटले जाते. उलट इंग्रजी ‘कझिन’ या एका शब्दात मावणारे चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ व मावसभाऊ आपण कटाक्षाने वेगळे ठेवतो, आणि ती केवळ शब्दांची हौस नव्हे: महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, चुलत्याच्या मुलीशी चालत नाही.

शास्त्रीय लेखनात ‘एमिक’ व ‘एटिक’ हेच शब्द देवनागरीत ठेवावेत. इतरत्र मराठीत आधीपासून असलेला ‘लेखी’ हा शब्द मला अधिक पसंत आहे. ‘तक्त्याच्या लेखी ते दोन, घराच्या लेखी दोघेही काकाच’ या वाक्यात दोन्ही संज्ञांचा आशय येतो. ‘लेखी परीक्षा’मधल्या ‘लेखी’शी त्याचा घोटाळा होण्याची भीती फारशी नाही, कारण या अर्थी तो नेहमी ‘च्या’ला किंवा ‘माझ्या’, ‘तुझ्या’सारख्या रूपाला धरून येतो.